मराठवाड्यातून पोर्ट ब्लेअरला : पहिल्यांदाच बेटावर निघालेल्यांसाठी

आपल्याकडे अंदमान म्हटले की 'काळे पाणी' हे शब्द आधी आठवतात, आणि ते स्वाभाविकच आहे. पण त्यामुळे होते असे की मराठवाड्यातून जाणारी बहुतेक मंडळी सेल्युलर जेलला नमस्कार करायचा म्हणून निघतात, प्रवास कंपनीच्या वेळापत्रकाप्रमाणे तो नमस्कार तासाभरात आटोपतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बोटीने स्वराज द्वीपाकडे, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉककडे, रवाना होतात. पोर्ट ब्लेअर हे गाव, ज्याचे नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम झाले आहे, त्यांच्या लेखी बोट बदलण्याची जागा एवढेच राहते. आमच्या कुटुंबाची पहिली खेप अशीच वाया गेली होती. दुसऱ्या खेपेला आम्ही सगळे स्वतः ठरवले आणि सहा दिवसांपैकी चार याच गावाला दिले. तो अनुभव जमेस धरून, ज्यांनी समुद्र पाहिलेलाच नाही किंवा फार तर मुंबईच्या चौपाटीवरून पाहिला आहे, अशांसाठी हे टप्प्याटप्प्याने लिहीत आहे.

पहिला टप्पा : महिना ठरवणे

तिकिटाच्या आधी महिना ठरवावा. आपल्या भागात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला तरी ते बरे वर्ष मानले जाते. पोर्ट ब्लेअरला तो सुमारे तीन हजार मिलिमीटर पडतो, कारण नैर्ऋत्य मोसमी वारे आणि परतीच्या काळातील ईशान्य वारे असे दोन्ही त्या बेटांवर बरसतात. मेच्या मध्यापासून पुढे पावसाची झड लागते, ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचा काळ असतो, आणि हवा बिघडली की लहान बोटी सरळ बंद ठेवल्या जातात. त्यामुळे दिवाळीच्या सुट्या आणि मेचा उत्तरार्ध, म्हणजे नेमक्या आपल्या सोयीच्या वेळा, तिथे गैरसोयीच्या ठरतात. डिसेंबरअखेरपासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम. घरात दहावी-बारावीचे मूल असेल तर परीक्षा संपताच मार्चअखेर किंवा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निघावे. त्या दिवसांत समुद्र शांत असतो आणि पाणी नितळ असते.

दुसरा टप्पा : पोहोचणे

नांदेड, लातूर, धाराशिव, परभणी या बाजूच्या लोकांनी मुंबईचा नाद सोडावा. रात्रीच्या गाडीने हैदराबाद गाठावे आणि तिथून विमान धरावे. थेट विमान मिळाले तर अडीच तासांच्या आसपास आपण अंदमानात असतो. नाही मिळाले तर चेन्नईत विमान बदलावे लागते. छत्रपती संभाजीनगर किंवा जालन्याकडच्यांनी मात्र मुंबई आणि हैदराबाद असे दोन्ही हिशेब मांडून पाहावेत. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम येथून जहाजेही जातात, परंतु त्या प्रवासाला साधारण तीन ते चार दिवस लागतात आणि जहाजांच्या तारखा फार आधीपासून पक्क्या नसतात; पहिल्या खेपेला तो मार्ग मी सुचवणार नाही.

भारतीय नागरिकाला पोर्ट ब्लेअर आणि नेहमीच्या पर्यटनस्थळांसाठी वेगळा परवाना लागत नाही. आधार किंवा मतदार ओळखपत्र मात्र मूळ स्वरूपात जवळ ठेवावे, कारण बोटीच्या तिकिटापासून हॉटेलच्या नोंदवहीपर्यंत ते सगळीकडे मागतात. वीर सावरकर आंतरराष्ट्रीय विमानतळ नौदलाच्या तळाला लागून आहे, म्हणून खिडकीतून बेटे कितीही सुंदर दिसली तरी विमान उतरल्यावर धावपट्टीचे चित्रण करू नये.

तिसरा टप्पा : घड्याळ बदलणे

हा टप्पा कोणी सांगत नाही आणि त्यामुळेच सर्वांची फसगत होते. घड्याळात वेळ आपलीच असते, पण पोर्ट ब्लेअर हे लातूरपेक्षा सुमारे सोळा रेखांश पूर्वेला आहे आणि एका रेखांशाला चार मिनिटे धरली तर सूर्य तिथे तासाभराहून अधिक आधी येतो. जानेवारीत लातूरला सातच्या सुमारास उजाडते, तेव्हा तिथे सूर्य उगवून सव्वा तास झालेला असतो. आणि संध्याकाळी सव्वापाचला तो मावळलेला असतो. सकाळी नऊला चहा-नाश्ता, अकराला बाहेर पडणे ही आपली सुटीतील रीत तिथे चालवली तर निम्मा दिवस हातातून गेला म्हणून समजा. पाचला उठावे, सातला बाहेर पडावे, दुपारी दोनपर्यंत समुद्रावरची कामे उरकावीत आणि 'सूर्यास्त पाहायला सहाला जाऊ' असे चुकूनही म्हणू नये.

चौथा टप्पा : सेल्युलर जेल, घाई न करता

जेलसाठी पूर्ण अर्धा दिवस ठेवावा, आणि त्याच संध्याकाळी ध्वनिप्रकाशाच्या कार्यक्रमाला परत यावे. त्या कार्यक्रमाची तिकिटे लवकर संपतात, म्हणून सकाळीच त्यांची चौकशी करावी.

आत शिरण्याआधी एक समज दूर करणे आवश्यक आहे. १८५७ च्या बंडातील कैदी या इमारतीत नव्हते. त्यांची पहिली तुकडी, दोनशे जणांची, मार्च १८५८ मध्ये येथे उतरवण्यात आली, आणि तेव्हा येथे भिंती नव्हत्या. दाट जंगल, दलदल, जळवा आणि ताप हाच तुरुंग होता. सेल्युलर जेलचे बांधकाम १८९६ ला सुरू होऊन १९०६ ला संपले. मराठवाड्याच्या माणसाने या पहिल्या काळातील एक नाव लक्षात ठेवून जावे. १७ जुलै १८५७ रोजी हैदराबादच्या इंग्रज रेसिडेन्सीवर चालून जाणाऱ्यांच्या अग्रभागी तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन होते. मौलवींना काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि त्यांचा शेवटही अंदमानातच झाला. आपला प्रदेश तेव्हा त्याच निजामी राज्याचा भाग होता, त्यामुळे काळ्या पाण्याची गोष्ट आपल्या घरापासून वाटते तितकी दूर नाही.

इमारतीची रचना नीट समजून घेतली तर बाकीचे आपोआप कळते. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात तीनमजली ओळी निघत होत्या. त्यांतील तीन आज उभ्या आहेत. एका ओळीतील कोठड्यांची दारे दुसऱ्या ओळीच्या पाठभिंतीकडे उघडतील अशी मांडणी मुद्दाम केलेली होती, जेणेकरून एका कैद्याला दुसऱ्याचे तोंड दिसू नये. कोठडी साडेचार मीटर लांब आणि दोन पूर्णांक सात मीटर रुंद, आणि झरोका तीन मीटर उंचीवर. माझ्या भाच्याने ती पावलांनी मोजली, मग झरोक्याखाली उभा राहून उडी मारून पाहिली आणि हात पोहोचत नाही हे कळल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. दाराच्या कडीकडेही लक्ष द्यावे: ती भिंतीत दूरवर बसवलेली आहे, आतून गजांतून हात काढला तरी तिथपर्यंत पोहोचत नाही.

अंगणातील कोलूसमोर थांबावे. आपल्याकडे तेलाच्या घाण्याला बैल जुंपत. येथे माणूस जुंपला जाई आणि दिवसाला तीस पौंड खोबरेल काढून देण्याची सक्ती असे. स्वातंत्र्यवीर सावरकर येथे १९११ ते १९२१ या काळात होते. त्यांचे थोरले बंधू बाबाराव त्यांच्या आधीपासून याच तुरुंगात होते आणि तरीही दोघांची बराच काळ भेट नव्हती, ही एक गोष्ट त्या रचनेचा हेतू पुरता सांगते. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्याच्या अगदी टोकाला आहे आणि तिथे नेहमी गर्दी असते. सकाळी दार उघडताच आधी थेट तिकडे गेल्यास दोन क्षण शांतपणे उभे राहता येते. पण तेवढे पाहून बाहेर पडू नये. १९३३ च्या उपोषणात बळजबरीने अन्न घातले जात असताना महावीर सिंग, मोहन किशोर नामदास आणि मोहित मोइत्रा यांचा मृत्यू झाला. बंगाल आणि पंजाबच्या शेकडो तरुणांची नावे मनोऱ्यातील फलकांवर आहेत. ती सावकाश वाचावीत, शक्य झाल्यास मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावीत.

पाचवा टप्पा : गावाची ओळख

दुसऱ्या दिवशी सकाळी पायी अॅबर्डीन बाजारात जावे. घड्याळाच्या मनोऱ्याभोवतीचा हा चढउताराचा बाजार म्हणजे गावाचे हृदय आहे, आणि तिथल्या पाट्या वाचत चालले तरी गावाचा इतिहास कळतो. बंगाली, तमिळ, तेलुगू, मल्याळी, पंजाबी अशी माणसे येथे पिढ्यान्पिढ्या राहतात आणि आपापसांत हिंदी बोलतात. ही हिंदी व्याकरणाच्या लिंग-वचनात फारशी अडकत नाही. आपल्याकडच्या दखनी वळणाच्या हिंदीवर वाढलेल्या माणसाला ती लगेच जवळची वाटते.

शिक्षा भोगून झाल्यावर जे कैदी येथेच राहिले, त्यांनी येथेच संसार थाटले. कोण कुठल्या जातीचा, कुठल्या प्रांताचा हे पाहत बसण्याइतकी माणसेच नव्हती, त्यामुळे जातीची आणि प्रांताची बंधने त्यांच्यात आपोआप सैल झाली. त्यांच्या वंशजांना येथे 'लोकल' किंवा 'लोकल बॉर्न' म्हणतात. पुढे १९२१ च्या मलबारमधील उठावानंतर मोपले, म्हणजे मलबारचे मुसलमान, आले. त्यांनी वसवलेल्या वस्त्यांची कालिकत, मंजेरी, तिरूर, वंडूर ही नावे ऐकली की माणूस गाव सोडतो पण गावाचे नाव सोडत नाही हे पटते. छोटा नागपूरमधून मजुरीसाठी आणलेल्या आदिवासींना आजही 'रांचीवाले' म्हणतात, आणि फाळणीनंतर १९४९ पासून पूर्व बंगालमधील निर्वासित कुटुंबांना येथे जमिनी देऊन वसवण्यात आले. जातीवरून गावेच्या गावे दुभंगलेली पाहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे गाव या नजरेने अवश्य पाहावे. एखाद्या म्हाताऱ्या दुकानदाराला 'आप यहाँ के कब से?' एवढे विचारले तरी तो आजोबांपासून सुरुवात करतो.

येथून चॅथमची लाकूड गिरणी जवळ आहे. १८८३ मध्ये सुरू झालेली ही गिरणी आशियातील सर्वांत जुन्या गिरण्यांपैकी मानली जाते. पडौक हे अंदमानचे तांबूस लाकूड कापताना येणारा वास आणि दुसऱ्या महायुद्धात या गिरणीवर पडलेल्या बॉम्बचा खड्डा, दोन्ही येथे आहेत. मार्च १९४२ ते १९४५ ही बेटे जपानच्या ताब्यात होती. त्याच काळात, ३० डिसेंबर १९४३ रोजी, नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला. मानववंशशास्त्र संग्रहालयालाही तास-दीड तास द्यावा, कारण जारवा, ओंगी, सेंटिनली या मूळ रहिवाशांविषयी जे समजून घ्यायचे ते तिथेच समजून घेणे योग्य आहे.

सहावा टप्पा : जेवण

भाकरी मिळणार नाही, हे आधीच मनाला सांगून ठेवावे. पहिल्या दोन दिवसांसाठी दशम्या किंवा धपाटे आणि पूर्ण प्रवासासाठी शेंगदाण्याची चटणी बरोबर असली की घरातील ज्येष्ठ मंडळी निश्चिंत राहतात. शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत. इडली, डोसा, सांबार-भात, वरण-भात आणि भाजी-पोळी गावात सर्वत्र मिळते. लहान बेटांवर मात्र भाज्या मुख्य भूमीवरून येत असल्याने निवड कमी आणि दर जास्त असतो.

मांसाहारी मंडळींना थोडी तयारी लागते. आपली माशांची ओळख नाथसागरातील रोहू, कटला आणि मरळ यांच्यापुरती असते. येथे सुरमई, कुपा, तांबोशी, कोळंबी, खेकडे आणि शेवंड मिळतात. सुरुवात सुरमईने करावी, कारण तिच्यात मधला एकच मोठा काटा असतो आणि लहान मुलांनाही ती देता येते. सकाळी लवकर जंगलीघाटच्या मासळी बाजारात एक चक्कर मारली तर ताजा मासा म्हणजे काय हे डोळ्यांनी कळते: डोळा स्वच्छ आणि फुगीर, कल्ला लालभडक, बोटाने दाबले की मांस पुन्हा वर येणारे.

एकच मासा या गावात तीन घरच्या चवींनी खायला मिळतो, आणि ती मजा सोडू नये. बंगाली खानावळीत तो मोहरीच्या वाटणात येतो आणि नाकात झणका देतो. तमिळ खानावळीत चिंचेच्या आंबट रश्श्यात. आणि मल्याळी स्वयंपाकात नारळाच्या दुधात, कढीपत्त्याच्या वासाचा, पराठ्याबरोबर. आपल्या काळ्या मसाल्याच्या आणि येसराच्या जिभेला नारळाचा रस्सा पहिल्या घासाला सपक वाटतो. तेव्हा लगेच तिखट मागू नये. तो भात कालवून खावा, दुसऱ्या दिवशी जीभ स्वतःच मागते. शहाळे दिवसातून दोन तरी घ्यावे, कारण दमट हवेत घाम फार जातो आणि तहान मात्र उन्हाळ्यातल्या आपल्या तहानेसारखी कळत नाही.

पाण्याविषयी एक गोष्ट मराठवाड्याच्या वाचकाला सांगितलीच पाहिजे. इतका पाऊस पडूनही पोर्ट ब्लेअरला उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते. डोंगर उभे, ओढे आखूड. पडलेले पाणी बघता बघता समुद्राला मिळते आणि गावाची भिस्त मुख्यतः धनीखाडीच्या धरणावर राहते. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी ज्यांनी लातूरला भरले, त्यांना हॉटेलातील 'पाणी जपून वापरा' ही पाटी समजावून सांगावी लागणार नाही. बादलीनेच अंघोळ करावी.

सातवा टप्पा : समुद्र

क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्याच दिवशी लांबची बोट घेऊ नये. आधी कॉर्बिन्स कोव्हच्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभे राहावे, मग अॅबर्डीन जेटीवरून पंधरा-वीस मिनिटांच्या बोटीने नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या रॉस बेटावर, जावे आणि त्यानंतरच मोठ्या सफरींचा विचार करावा. ज्यांना एसटीच्या घाटात मळमळते त्यांना बोटीतही मळमळते. निघण्याआधी दोन तास हलके आणि कोरडे खावे, डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी, आलेपाक जवळ ठेवावा आणि बोटीच्या मध्यभागी बसून दूरच्या क्षितिजाकडे पाहावे.

रॉस बेटावर इंग्रजांचा सगळा कारभार होता. चर्च, भटारखाना, अधिकाऱ्यांचे बंगले यांच्या विटांतून वडाच्या पारंब्यांनी वाट काढली आहे आणि भिंतींना मुळांनी असे कवटाळले आहे की भिंत कुठे संपते आणि झाड कुठे सुरू होते हे सांगता येत नाही. त्या भिंतींमधून हरणे निवांत फिरतात. त्यांना बिस्किटे देऊ नयेत.

उत्तरेकडील नॉर्थ बेच्या बोटीत बसण्याआधी खिशात जुनी, लालसर वीस रुपयांची नोट ठेवावी. तिच्या मागच्या बाजूला दीपस्तंभ आणि नारळांचे जे चित्र आहे ते याच ठिकाणाचे, समोरच्या माउंट हॅरिएटवरून दिसणारे. २०१९ पासूनच्या हिरवट पिवळ्या विसाच्या नोटेवर मात्र आपले वेरूळ आहे. बोटीत दोन्ही नोटा शेजारी शेजारी धरल्या तेव्हा आमच्या नावाड्याने वेरूळ कुठे आहे हे विचारले, आणि उरलेली वाट कैलास लेणे वरून खाली कसे कोरत आणले ते सांगण्यात गेली. माउंट हॅरिएटला आता माउंट मणिपूर म्हणतात, कारण १८९१ च्या युद्धानंतर मणिपूरच्या महाराजा कुलचंद्र यांना आणि त्यांच्या साथीदारांना तिथे ठेवले होते. चॅथमहून बांबूफ्लॅटपर्यंत वाहने वाहून नेणारी बोट असते आणि तिथून वर जंगलातून रस्ता जातो.

प्रवाळ पाहायचे असेल तर माझे मत वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानाला. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानातील जॉली बॉय आणि रेड स्किन ही बेटे आळीपाळीने खुली असतात, आणि माणसांची संख्या मर्यादित असल्याने परवाना आदल्या दिवशीच काढावा. काचेच्या तळाच्या बोटीतून न पोहणाऱ्यालाही सगळे दिसते: मेंदूसारखे वळ्यांचे प्रवाळ, निळे तारामासे, फांद्यांमधून एकदम वळणारे पिवळे थवे. प्रवाळ हा दगड नसून सजीवांची वसाहत आहे, त्यावर पाय ठेवला तर कित्येक वर्षांची वाढ एका क्षणात मोडते. येथे एकदाच वापरण्याचे प्लास्टिक नेता येत नाही. पाण्याच्या बाटलीसाठीही अनामत भरावी लागते. माझ्या मावशीने समुद्राला वाहायला हळद-कुंकवाच्या पुड्या आणल्या होत्या. तिने त्या किनाऱ्यावरच पिशवीत परत ठेवल्या, ओंजळीत पाणी घेऊन कपाळाला लावले, एक थेंब जिभेवर ठेवला आणि म्हणाली, 'खरंच खारट आहे की गं.' सत्तरीत पहिल्यांदा समुद्र पाहणाऱ्या बाईची ती पूजा पुरेशी होती.

वंडूरला जाताना सिप्पीघाटजवळ खाऱ्या पाण्यात उभी असलेली वाळकी झाडे दिसतात. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन सुमारे एक मीटर खचली आणि त्सुनामीनंतर शेतांत शिरलेले भरतीचे पाणी पुन्हा गेले नाही. १९९३ चा किल्लारीचा भूकंप अनुभवलेल्या माणसाला येथे गाडी थांबवावीशी वाटेल, थांबवावी.

शेवटची संध्याकाळ चिडिया टापूसाठी राखून ठेवावी. गावापासून तासाभराच्या अंतरावरील या टोकावर साडेतीनपर्यंत पोहोचल्यास पक्षी आणि सूर्यास्त दोन्ही मिळतात.

आठवा टप्पा : काय करू नये

काही किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यातील मगरींच्या सूचना आणि जाळ्या लावलेल्या असतात. जाळीच्या बाहेर आणि अंधार पडल्यावर पाण्यात उतरू नये. जीवरक्षकाने नको म्हटले की नकोच. विहिरीत पोहणाऱ्यांनी विशेष जपावे, कारण विहिरीचे पाणी आपल्याला ओढून नेत नाही. स्कूबा, म्हणजे हवेची टाकी लावून पाण्याखाली उतरणे, केल्यास त्यानंतर चोवीस तास विमानात बसू नये.

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांकडे जाणारा रस्ता जारवांच्या राखीव क्षेत्रातून जातो. गाड्या ताफ्याने सोडतात, थांबण्यास, छायाचित्र काढण्यास, खाऊ फेकण्यास कायद्याने बंदी आहे. कोणी वाहनचालक 'जारवा दाखवतो' म्हणाला तर त्याची गाडी घेऊ नये. ती माणसे स्वतःच्या घरात आहेत. कोणी आपल्या अंगणातून बसमधून बोट दाखवत गेले तर आपल्याला कसे वाटेल, एवढा विचार पुरे. मी स्वतः दोन्ही खेपांना बाराटांगला गेलो नाही.

नववा टप्पा : परतीची पिशवी

किनाऱ्यावरचे शंख, शिंपले, प्रवाळाचे तुकडे उचलून आणू नयेत. मेलेले प्रवाळही नेणे गुन्हा आहे आणि विमानतळावर सामान तपासताना ते काढून घेतात. शंखाची वस्तू हवीच असेल तर शासकीय दुकानातून घ्यावी आणि पावती हातातील पिशवीत ठेवावी. पडौकच्या लहान वस्तूंचीही पावती जपावी. आदल्या रात्री मुलांच्या चड्ड्यांचे खिसे उलटे करून झटकावेत. आमच्या भाच्याच्या खिशातून सात शिंपले निघाले, आणि पहाटे पाचला, चांगले उजाडलेले असताना, रिक्षा कॉर्बिन्स कोव्हवरून वळवून त्याने ते एकेक करून ओल्या वाळूवर परत ठेवले.